नवी रचना फतव्याने रुजत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील सॉफ्टवेअर उद्योगावरचा लेख वाचला. आपले प्रोग्रामर जुन्या सवयी सोडायला तयार नसतात, म्हणून त्यांना नव्या रचनापद्धतींचे सक्तीचे प्रशिक्षण द्यावे, प्रमाणपत्रे पगारवाढीशी जोडावीत आणि जुन्या सिस्टिम मोडून त्या मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या स्वतंत्र प्रोग्राममध्ये, नव्याने लिहाव्यात, असा त्याचा सूर होता. निरीक्षण बरेचसे खरे आहे. उपाय मात्र असे आहेत की ते अमलात आणले तर वर्षभराने तोच कोड, त्याच सवयी आणि वर चाळीस सर्व्हरचे भाडे एवढेच हाती राहील.

प्रोग्रामर मंडळींनी नवी पद्धत कशी उचलली याचा जुना आणि चांगला दाखला ‘गो टू’चा आहे. योगायोग असा की त्या वादाला तोंड फुटले ते संपादकांना लिहिलेल्या पत्रानेच. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे ते पत्र मार्च १९६८मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात छापून आले. प्रोग्राममध्ये वाटेल तिथून वाटेल तिथे उडी मारणारी ‘गो टू’ ही आज्ञा उच्चस्तरीय भाषांतून काढून टाकावी, असे त्यांचे म्हणणे होते. पत्राचा गाजलेला मथळा त्यांचा नव्हता, तो संपादक निक्लाउस विर्ट यांनी दिलेला. (पत्रांना मथळे संपादकांनीच द्यायचे, ही रीत तेव्हाही होती तर!)

पत्र गाजले, पण गो टू लगेच गेला नाही. जाणार कसा? तेव्हाच्या प्रमाणित फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत ‘इफ-देन-एल्स’ (अट खरी तर या ओळी, नाहीतर त्या) असा गटच नव्हता. अट खरी असेल तर एकच आज्ञा चालवणारा एक ‘इफ’ होता. दुसऱ्या ‘इफ’ला तीन ओळींचे क्रमांक द्यायचे: उत्तर ऋण आले तर इकडे, शून्य आले तर तिकडे, धन आले तर पलीकडे. अशा भाषेत गो टू न वापरता पाच ओळींचा तुकडाही अटीत बसवता येत नसे. सत्तरच्या दशकात ब्रायन कर्निगन यांनी ‘रॅटफोर’ हा प्रीप्रोसेसर लिहिला. त्यात नव्या धाटणीने लिहायचे आणि तो ते साध्या फोरट्रानमध्ये उतरवून देई. पुढे फोरट्रान ७७मध्ये गट करणारा ‘इफ’ आला. कोबोल या दुसऱ्या भाषेत अट कुठे संपते ते सांगणारा ‘एंड-इफ’ १९८५च्या प्रमाण आवृत्तीत आला. तोवर कोबोलमधला ‘इफ’ पूर्णविरामाने संपत असे आणि एक टिंब चुकीच्या जागी पडले की पुढच्या ओळी गुपचूप अटीबाहेर जात. म्हणजे पत्रापासून कोबोलमधल्या या सोयीपर्यंत १७ वर्षे. या काळातल्या प्रोग्रामरना हट्टी म्हणणे सोपे आहे, पण हातातले हत्यार साथ देत नसताना कुणीही जुनीच वाट धरतो. साधन आले, तसे पुढच्या पिढीला गो टू न लिहिणे हे शिकवावेही लागले नाही.

अपवादांचेही तसेच. गो टू कुठे शोभतो हे डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४मध्ये उदाहरणांसह मांडले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आजही तो सर्रास दिसतो: मधेच चूक झाली की तोवर घेतलेली मेमरी आणि कुलपे (इतरांना थांबवून ठेवणारे लॉक) उलट्या क्रमाने सोडायची असतात आणि सी भाषेत त्यासाठी याहून सरळ मार्ग नाही. नियम शिकवताना अपवाद लपवला की अनुभवी माणूस नियमच धुडकावतो. ‘प्रत्येक क्लासला इंटरफेस हवाच’ असे ट्रेनिंगमध्ये सांगितले जाते (क्लास म्हणजे कोडचा एक घटक, इंटरफेस म्हणजे तो काय करतो एवढेच सांगणारा करार) आणि सहा महिन्यांनी कोडमध्ये दोनशे इंटरफेस आणि प्रत्येकाचा नेमका एकच अवतार, नावापुढे ‘इम्प्ल’ लावलेला. वाचणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी एक उडी जास्त.

आता रचनेच्या मूळ प्रश्नाकडे येतो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७२मध्ये एक छोटा प्रोग्राम दोन प्रकारे तोडून दाखवला. ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून सगळे पर्याय तयार करायचे, ते वर्णानुक्रमे लावायचे आणि सूची छापायची, एवढेच काम. पहिल्या प्रकारात कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडले. दुसऱ्यात प्रत्येक भागाने पुढेमागे बदलू शकेल असा एकेक निर्णय आपल्या पोटात लपवला. ओळी साठवायची पद्धत बदलली तर पहिल्या रचनेत जवळपास सगळे भाग उघडावे लागतात, दुसऱ्यात एकच. त्याला आता अर्धशतक उलटून गेले. तरीही आपल्याकडचे नवे प्रोजेक्ट उघडले की फोल्डर पायऱ्यांचेच: कंट्रोलर (विनंती घेणारा), सर्व्हिस (काम करणारा), रिपॉझिटरी (साठवणारा), डीटीओ (डेटाची ने-आण करणारा). मेल्विन कॉनवे यांनी १९६८मध्येच सांगून ठेवले होते की संस्थेतली माणसे जशी विभागलेली असतात तशीच तिची सिस्टिम तुटते. स्क्रीनवाले वेगळे, बॅकएंडवाले वेगळे, डेटाबेसवाले वेगळे बसवले तर फोल्डर तरी वेगळे कसे पडणार?

ही गोष्ट पुस्तकी नाही हे २०२५मधल्या एकाच बदलावरून तपासता येईल. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेने दरांची फेररचना जाहीर केली आणि २२ सप्टेंबरपासून ती लागू झाली. मधे १९ दिवस. शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप-लोणी १२ वरून ५ वर, एसी २८ वरून १८ वर. ज्या बिलिंग प्रोग्राममध्ये ‘दर किती’ हा निर्णय एका जागी लपवलेला होता, तिथे तक्त्यात नव्या ओळी भरून, तपासून काम संपले. जिथे तो विखुरला होता, तिथे कोडमध्ये १८ शोधून भागत नाही. किमतीत कर धरलेला असेल तर सूत्रात ११८ असते. कुठे १.१८ असते, कुठे ०.१८. राज्यांतर्गत विक्रीत केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ असे वेगवेगळे लिहिलेले असतात. शिवाय रिपोर्टच्या क्वेरीत, मोबाइल अॅपच्या कार्टमध्ये, लेबल छापणाऱ्या प्रोग्राममध्ये आणि अकाउंट्समधल्या कुणीतरी बनवलेल्या एक्सेलच्या मॅक्रोत. ज्यांनी आजवर फक्त १२ आणि १८ टक्क्यांचाच माल विकला, त्यांच्या डेटाबेसमध्ये अर्ध्या दराची कॉलम पूर्णांकाची असेल तर ५चे निम्मे अडीच बसायलाच तयार नाही. ते २ किंवा ३ होते आणि कुठलीही चूक न दाखवता बिल छापले जाते.

दर एका जागी आणला म्हणजेही झाले नाही. ‘१८ खोडा, ५ लिहा’ केले की २२ तारखेनंतर परत आलेल्या जुन्या मालाची क्रेडिट नोट (परताव्याची चिठ्ठी) नव्या दराने निघते. ती मूळ विक्रीच्या दराने निघायला हवी. म्हणून तक्त्यात चार रकाने लागतात: एचएसएन कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक), दर, कधीपासून, कधीपर्यंत. दर मागणाऱ्याने कोडबरोबर तारीख द्यायची आणि ती आजची नव्हे तर मूळ व्यवहाराची. हा एक निर्णय नीट लपवण्याचा अनुभव ज्या टीमने घेतला, तिला पारनास वेगळे शिकवायची गरज नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. नवी रचनापद्धत कॅलेंडर बघून आणू नये. येऊ घातलेल्या एखाद्या खऱ्या बदलाच्या पाठीवर बसवून आणावी, आणि ती पाळली जाते की नाही हे मशीनने तपासावे. ‘टेक्निकल डेट’ (रचनेतली साठलेली उधारी) म्हणून कामाची वेगळी कार्डे केली की डेडलाइन जवळ येताच पहिली तीच कापली जातात, हे कोणत्याही टीम लीडला विचारा. दरबदलाचे काम मात्र कापता येत नाही. रचना सुधारायचा वेळ त्याच्याच अंदाजपत्रकात धरावा.

प्रत्यक्षात करायचे कसे, ते दराच्याच उदाहरणावरून सांगतो. आधी प्रॉडक्शनमधली (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिममधली) तीन-चारशे जुनी बिले घ्यावीत, ग्राहकांची नावे-पत्ते झाकावेत, आणि सध्याचा कोड त्यांवर चालवून उत्तरे पैशापर्यंत जपून ठेवावीत. निवड आंधळी नको. सूट दिलेली, करासह किमतीची, परताव्याची, परराज्यातली, शून्य दराची, अशी सगळ्या जातीची बिले हवीत. ही चाचणी ‘बरोबर काय’ हे सांगत नाही, ‘आज काय होते’ एवढेच सांगते, आणि तेवढेच हवे असते. त्यात जुन्या चुकाही सापडतील. त्या तिथल्या तिथे दुरुस्त करण्याचा मोह टाळावा, वेगळी नोंद करून वेगळा बदल करावा. रचना आणि वागणूक एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (तपासायला पाठवलेल्या बदलात) बदलली की फरक कशामुळे पडला ते कुणालाच सांगता येत नाही.

मग दर मागायचे एकच फंक्शन करावे. सुरुवातीला त्याच्या पोटात जुनाच कोड असू दे. एकेक वापरकर्ता त्या दारातून आणावा, एका वेळी दोनशे ओळींच्या आतला बदल, म्हणजे रिव्ह्यू करणारा खरोखर वाचतो. हजार ओळींच्या बदलाला ‘ठीक दिसतंय’ एवढीच प्रतिक्रिया मिळते.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची: दराचा तक्ता ‘कर’ या मॉड्यूलबाहेरून कुणी वाचायचा नाही, हा नियम बिल्डमध्ये (कोड जुळवून आपोआप तपासणाऱ्या प्रक्रियेत) घालणे. जावात त्यासाठी आर्कयुनिट आहे, पायथनमध्ये इम्पोर्ट-लिंटर, रुबीत शॉपिफायने २०२०मध्ये खुले केलेले पॅकवर्क. पहिल्याच दिवशी हा नियम साठ ठिकाणी मोडलेला सापडेल. साठही दुरुस्त करेपर्यंत मर्ज (नवे बदल मूळ कोडमध्ये मिसळणे) बंद, असे केले तर चौथ्या दिवशी कुणीतरी नियमच बंद करेल. आर्कयुनिटमध्ये आधीची उल्लंघने गोठवून ठेवता येतात. ती यादीत राहतात, एकसष्टावे मात्र बिल्ड पाडते, आणि दुरुस्त झालेले यादीतून आपोआप गळते. साठ हा आकडा फक्त खाली जाऊ शकतो. नव्याने टीममध्ये आलेल्या मुलाला रचना समजावायला आर्किटेक्टने दोन तासांची सभा घ्यायची गरज उरत नाही. तो चुकला की दोन मिनिटांत बिल्ड त्याला सांगते आणि संदेशात कारणही लिहिलेले असते. ते कारण मात्र माणसाला समजेल असे लिहावे. ‘नियम १७ मोडला’ वाचून कुणी शिकत नाही, तो फक्त नियम चुकवायचा रस्ता शोधतो.

शेवटी जुने आणि नवे गणित काही काळ शेजारी चालवावे. उत्तर जुन्याचे द्यायचे, फरक लॉगमध्ये टाकायचा. निदान एक महिनाअखेर त्यात यायलाच हवी, कारण परतावे आणि दुरुस्त्या तेव्हाच उसळतात. फरक बहुधा पूर्णांकनाचा निघतो. परराज्यातल्या एका बिलावर ३३.३३ रुपयांच्या तीन ओळी आणि दर ५ टक्के असेल तर ओळीगणिक कर १.६७, म्हणजे एकूण ५.०१. बेरजेवर, ९९.९९वर, काढला तर ५.००. एक पैसा. हा पैसा कुठून आला ते शोधायला दोन दिवस जातात, पण स्विच टाकल्यावर शोधायला लागला तर दोन आठवडे जातात आणि मधे ग्राहकाचा सीए फोनवर असतो.

लेखातल्या मायक्रोसर्व्हिसेसच्या सल्ल्याबद्दल. आता निविदांमध्येही ‘मायक्रोसर्व्हिसेस आधारित रचना असावी’ असे वाक्य टाकले जाते, का ते न लिहिता. वेगळा भार, वेगळी टीम, वेगळे रिलीज किंवा एकाच्या पडण्यापासून दुसऱ्याचा बचाव, यांपैकी एखादे कारण असेल तर सर्व्हिस वेगळी काढावी. कारण नसेल तर मॉड्यूल वेगळे असणे पुरते. ज्या कोडमध्ये दर बारा ठिकाणी विखुरला आहे तो कोड बारा सर्व्हिसेसमध्ये तोडला तर दर बारा सर्व्हरवर विखुरतो. आता दरबदलासाठी बारा डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणे), तीही एकाच मध्यरात्री.

गणितही क्रूर आहे. एक बिल पूर्ण व्हायला पाच सर्व्हिसेस एकामागोमाग लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर साखळी ९९.५ टक्केच चालू. ३० दिवसांच्या महिन्यात एकटी सर्व्हिस ४३ मिनिटे बंद राहिली असती, साखळी साडेतीन तासांहून जास्त. बिलात चाळीस ओळी आणि दर विचारायला प्रत्येक ओळीमागे नेटवर्कवरून ५ मिलिसेकंदांची फेरी, म्हणजे नुसते दर गोळा करायला २०० मिलिसेकंद. तेच एका प्रोसेसमध्ये असते तर मोजण्याइतकाही वेळ गेला नसता. पुनर्प्रयत्नांचा घोळ वेगळा: तीन पातळ्यांवर प्रत्येकी तीनदा प्रयत्न करायचे ठेवले की वरच्या एका विनंतीपोटी तळाच्या सर्व्हिसवर २७ धक्के बसतात, तेही ती आधीच आजारी असताना. वरच्याची मुदत २ सेकंद आणि खालच्याची ५ सेकंद असेल तर वरचा कंटाळून निघून गेल्यावरही खालचा राबत राहतो.

याहून वाईट पैशांचे. पूर्वी साठा कमी करणे, ऑर्डरची नोंद आणि पैसे मिळाल्याची नोंद एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये बसत. काहीतरी बिनसले की तिन्ही मागे. सर्व्हिसेस वेगळ्या झाल्यावर ‘पैसे कापा’ म्हटले आणि उत्तर आलेच नाही, तर कापले की नाही? पुन्हा पाठवले तर दोनदा कापले जायची भीती, न पाठवले तर ऑर्डर लटकलेली. म्हणून प्रत्येक विनंतीला एकमेव क्रमांक देऊन तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर आधीचेच उत्तर परत द्यावे लागते. पाठवायचे संदेश आधी आपल्याच डेटाबेसच्या तक्त्यात, मूळ नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहून मग वेगळ्या प्रक्रियेने धाडावे लागतात. आणि एवढे करूनही रोज रात्री दोन्ही बाजू ताडून पाहणारा जॉब लागतोच. हे सगळे शिकून घेण्यासारखे आहे, पण दराच्या तक्त्यासाठी नाही. २०२३मध्ये अॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने आपले प्रक्षेपणाचा दर्जा तपासणारे साधन सुट्या घटकांतून पुन्हा एका प्रोसेसमध्ये आणले, आणि पायाभूत खर्च ९० टक्क्यांहून अधिक उतरल्याचे सांगितले. ते एकाच साधनापुरते होते, अख्ख्या प्राइम व्हिडिओचे नव्हे. पण परत फिरण्यात कमीपणा नाही एवढे तरी त्यावरून दिसावे.

प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. फक्त ते स्वतःच्या कोडवर व्हावे. प्राणी, त्यातून कुत्रा, त्यातून भुंकणे या उदाहरणावर वारसा (एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणे) शिकलेल्या मुलांना ‘ग्राहक’ आणि ‘पुरवठादार’ यांत वारसा कुठे लावू नये हे कळत नाही, कारण तोच व्यापारी दोन्ही असू शकतो. बाहेरच्या तज्ज्ञाने दोन दिवस स्लाइड दाखवण्यापेक्षा टीममधल्याच दोघांनी एक मॉड्यूल नीट लावून दाखवावे. बाकीचे त्याचीच नक्कल करतात. आता कोड लिहून देणारी एआय साधनेही आसपासच्या कोडची धाटणी उचलतात. आसपास बारा ठिकाणी दर कोरलेला असेल तर तेरावे ठिकाण ती आनंदाने बनवून देतील. पहिला नमुना चांगला असण्याला म्हणून आणखी किंमत आली आहे.

आणि प्रमाणपत्रांऐवजी व्यवस्थापनाने एक साधी मोजणी करावी: ग्राहकाच्या नोंदीत एक नवा रकाना वाढवायला किती फाइल उघडाव्या लागल्या? सहा महिन्यांपूर्वी किती लागत होत्या? गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) हा आकडा आयता मिळतो, कुणाला विचारायला नको. मात्र तो पगारवाढीशी जोडू नये. जोडला की लोक सात फाइल एकीत कोंबतील.

जाता जाता जुना रस्ता बंद करण्याविषयी, कारण घोडे तिथेच पेंड खाते. नवे चालू झाले, सगळे खूश, आणि जुने फंक्शन ‘असू दे, लागलं तर’ म्हणून राहते. वर्षभराने कुणीतरी तेच वापरून नवे काहीतरी बांधते आणि दोन्ही पद्धती जन्मभर सांभाळाव्या लागतात. जुना कोड पुसायचे कार्ड पहिल्याच दिवशी, तारखेसकट लिहावे. डेटाबेसची जुनी कॉलम काढताना क्रम पाळावा: आधी तिच्यातून वाचणे थांबवावे, मग तिच्यात लिहिणे, आणि काढून टाकण्याआधी फक्त तिचे नाव बदलून एक महिनाअखेर जाऊ द्यावी. एखादा विसरलेला रिपोर्ट किंवा ऑडिटरची क्वेरी त्या दिवशी ओरडते. नाव परत द्यायला एक मिनिट लागते, पुसलेली कॉलम परत आणायला बॅकअप हुडकावा लागतो.

आपला,
एक वाचक, पुणे